सोमशेखरचा बिनलोखंडी प्रेस

पडदा वर जातो. उद्यमनगरातली पत्र्याची शेड. दारात डिझेलचा जनरेटर धडधडतोय. मधोमध उभा आहे पॉवर प्रेस. अंगावर खंडेनवमीचा झेंडूचा हार, कपाळावर हळदकुंकवाचा थर, पायाशी फुटलेल्या नारळाची करवंटी. साल दोन हजार पाच, दसऱ्याचा दुसरा दिवस, सकाळचे नऊ. प्रेससमोर लोखंडी स्टुलावर पिराजी बसलाय. वीस वर्षं पत्रा दाबून बिजागऱ्या काढणारा माणूस. डावा हात साच्यात घालून तो पत्रा सरळ करतोय. उजवा तळवा सवयीनं बटणावर टेकलाय.

धाड्!

दट्ट्या खाली आला आणि वर गेला. बिजागरी तयार झाली होती. तिच्यात पिराजीची चार बोटं होती.

पिराजी ओरडला नाही. त्यानं आधी हाताकडं पाहिलं, मग प्रेसकडं, आणि म्हणाला, "एकाच बटणावर पडलाच कसा?" मग तो स्टुलावरून घरंगळला. झेंडूच्या हारावरून रक्त ठिबकायला लागलं.

प्रश्न बरोबर होता. त्या प्रेसला दोन बटणं होती, दोन हातांसाठी दोन. दोन्ही एकदम दाबल्याशिवाय दट्ट्या पडायचा नाही, म्हणजे दोन्ही हात साच्याबाहेर असल्याशिवाय पडायचा नाही. हा नियम सांभाळायचं काम तळहाताएवढ्या एका हिरव्या, चिप बसवलेल्या इलेक्ट्रॉनिक कार्डाकडं होतं आणि ते कार्ड बनवलं होतं मंगळवार पेठेतल्या सोमशेखरनं. तीन वर्षांपूर्वी कार्ड बसवताना त्यानंच पिराजीला सांगितलं होतं, "एक बटण दाबून बघ. कितीबी दाब. पडला काय? न्हाय न्हवं? मग घाल हात बिनघोर."

सोमशेखर मूळचा कुरुंदवाडचा. आठ वर्षांचा असताना गुऱ्हाळावर त्यानं चुलत्याचा हात उसाबरोबर चरकात जाताना पाहिला. इंजिन बंद करायला तिघं धावले, तोवर कोपरापर्यंत चिपाड झालं होतं. त्या दिवशीचा रस गुऱ्हाळाच्या मालकानं ओतून टाकला. दुसऱ्या दिवशी चरक पुन्हा सुरू झाला. पोरगं हे विसरलं नाही. डिप्लोमा केला, आणि नव्वदच्या सुमारास घरातल्या माडीवर त्यानं यंत्रांना डोकं बसवायचा धंदा मांडला.

त्या काळी हे काम म्हणजे छळ होता. प्रोग्राम लिहायचा, चिपमध्ये भरायचा, चिप यंत्रात बसवायची, यंत्र चालवून बघायचं. चुकलं की चिप काढून जांभळ्या दिव्याखाली वीस मिनिटं ठेवायची, तेव्हा कुठं जुनं पुसलं जाणार. एका चुकीला वीस मिनिटं. त्या दिव्यानं सोमशेखरचे डोळे कायमचे लाल झाले. त्यात प्रेस म्हणजे खरं लोखंड. चूक शोधायला कुणाचा हात घालून बघणार?

दोन हजार एकमध्ये एका मासिकाबरोबर त्याला लिनक्स या संगणकप्रणालीची सीडी मिळाली, फुकट. जुन्या संगणकावर त्यानं ती चढवली आणि रात्रंदिवस त्या काळ्या पडद्याला चिकटला. त्यातलं एक हत्यार त्याचा प्रोग्राम चिपच्या भाषेत उतरवून द्यायचं. दुसरं होतं एम्युलेटर, आणि ते अस्सल सोंगाड्या होतं! संगणकाच्या पोटात बसून ते चिपचं सोंग घ्यायचं, इतकं हुबेहूब की प्रोग्रामलाही पत्ता लागू नये. सोमशेखर त्याला सांगायचा, हे बटण दाबलं समज, ते सोडलं समज. पडद्यावर अक्षरं उमटायची: दट्ट्या वर. दट्ट्या खाली. तिथं हात हजारदा तुटला तरी रक्त येत नव्हतं. उद्यमनगरात टिंगल व्हायची. "काय सोमशेखर, तुझा बिनलोखंडी प्रेस आज किती बिजागऱ्या पाडला?" तो म्हणायचा, "बिजागऱ्या न्हाय पावणं, बोटं वाचीवली." अकरा प्रेसना त्यानं कार्डं बसवली. कुणी नुसतं सांगितलेलं तो खरं धरत नसे, करून बघितल्याशिवाय त्याला जेवण जात नसे.

त्या सकाळी दहा वाजता माडीचा दरवाजा बिजागरीसकट आत आला. दारात गुंडू, पिराजीचा धाकटा भाऊ. मार्केट यार्डात गुळाचे रवे, म्हणजे मणामणाच्या ढेपा, उचलणारा गडी, खांदे दरवाजाएवढे, सदरा भावाच्या रक्तानं चिकट.

"माझ्या दादाचा हात खाल्लास!"

पहिल्या ठोशात सोमशेखरचे दोन दात गेले. दुसऱ्यात तो टेबलावरून पलीकडं पडला. गुंडूनं त्याला लाथेनं उताणा केला, बरगडीवर पाय दिला. बरगडी वाजली. मग त्यानं कोपऱ्यातला लोखंडी पाइप उचलला आणि संगणकाकडं वळला. सोमशेखरची बायको दानेश्वरी आडवी आली. तिनं तो डबा पोटाशी कवटाळला.

"अय्यो, हेच्यात कळतंय चूक कुणाची ती! हे फोडलास तर तुझ्या दादाला कोण सांगणार? तुझा पाइप?"

गुंडूचा हात वरच राहिला. खालून रक्त थुंकत सोमशेखर म्हणाला, "बटणं कशी हुती रं? बघितलास?"

"बटणं काय इचारतोस, भडव्या!"

"सांग की. दाबल्यावर वर येत हुती काय?"

गुंडूनं आठवलं. भावाला उचलताना त्याचा हात टेकला होता. "डावं आतच रुतल्यालं. कुंकवाचा गोळा झालाय त्येच्यावर. नारळाचं पाणी, हळद… चिक्कट नुसतं."

सोमशेखर खुर्चीत चढून बसला. बरगडी हातानं दाबून धरली आणि दुसऱ्या हातानं टायपायला लागला. प्रोग्राम चालू, मग डावं बटण दाबलेलं, मग उजवं. दट्ट्या वरच. बरोबर. बटण दाबून अडकवून ठेवणारा कामगार त्याला ठाऊक होता. दोन्ही बटणं एकदा सोडल्याशिवाय पुढचा ठोका नाही, ही अट त्यानं घातली होती. पुन्हा केलं. वरच. तिसऱ्यांदा, वरच. गुंडू मागं पाइप घेऊन उभा होता, त्याचा श्वास सोमशेखरच्या मानेवर येत होता.

मग सोमशेखर थांबला. या वेळी त्यानं उलटं केलं. डावं बटण आधीच दाबलेलं ठेवलं आणि नंतर चिपला वीज दिली. मग उजवं.

पडद्यावर अक्षरं उमटली. दट्ट्या खाली.

तीन वर्षं तो टेबलावर बसून आधी वीज द्यायचा, मग बटणांना हात लावायचा. त्यामुळं वीज येण्याआधीच दाबलेलं बटण त्याची अट पकडतच नाही, हे त्याला कधी दिसलंच नव्हतं. आणि खंडेनवमीला अख्खं उद्यमनगर वीज तोडून यंत्रं पुजतं. मुठीनं हळदकुंकू लावतं, यंत्राच्या डोक्यावर नारळ फोडतं. दोन दिवसांत बटणाच्या खोबणीत त्याचा डिंक होतो. त्यानं सात वेळा करून बघितलं. सातही वेळा खाली.

"चूक माझी हाय," तो म्हणाला. "तुझ्या दादाची न्हाय. मालकाची न्हाय. माझी."

गुंडूनं पाइप हाणला. खांद्यावर बसला. दानेश्वरी किंचाळली. सोमशेखर खुर्चीसकट कलंडला, आणि तिथूनच त्यानं गुंडूची पोटरी धरली.

"हाण, पर मागनं हाण. अजून धा प्रेसवर हेच कार्ड हाय. पिराजीच्या मालकाकडं जनरेटर हाय, बाकीची लाईटची वाट बघत बसल्यात. तिकडचं भारनियमन दोनला सुटतंय. तुझ्याकडं गाडी हाय काय?"

गुंडूनं त्याच्या हातातून पोटरी सोडवली. मग पाइप फेकला आणि म्हणाला, "चल."

बारा वाजून गेले होते. गुंडूच्या एम-एटी मोपेडवर मागं सोमशेखर, तोंडाला बायकोचा टॉवेल, खिशात पेचकस. एका शेडमधून दुसऱ्या शेडमध्ये. प्रत्येक ठिकाणी डावं नाहीतर उजवं बटण कुंकवानं बसलेलं. सात कार्डं त्यानं उपटली आणि पिशवीत टाकली. दोन ठिकाणी मालक जेवायला गेले होते आणि कार्डाच्या पेटीची किल्ली त्यांच्याकडं. ते फोनवर म्हणाले, "शब्द देतो, प्रेस चालू होणार न्हाय." सोमशेखरला ते गिळवलं नाही, पण दोनला दहा कमी होते आणि एक शेड राहिली होती.

ती कृष्णातची. कृष्णात हा आडदांड मालक, ट्रॅक्टरचे भाग दाबून द्यायचा, गाडी संध्याकाळी निघायची होती. प्रेसपुढं चिमणाबाई बसली होती, पन्नाशीची बाई. डावं बटण कुंकवानं रुतलेलं, डावा हात साच्यात, उजवा बटणावर, नजर वरच्या बंद बल्बकडं.

"मावशी, हात काढा!" सोमशेखर दारातनंच ओरडला.

"हलू नगंस गं," कृष्णात म्हणाला. "हे कोण? मार खाऊन आलंय कुठनं तरी. सोमशेखर, इकताना काय म्हणलास? हात घाल बिनघोर. आता काय झालं?"

"तवा चुकलो. कार्ड काढू दे."

"कार्ड काढलास तर गाडी काय तुझा बाप भरणार?" कृष्णातनं त्याला छातीवर ढकललं, नेमकं मोडक्या बरगडीवर. सोमशेखर वाकला. वाकल्यावर त्याला खाली पडलेला घण दिसला. त्यानं तो दोन्ही हातांनी उचलला आणि कार्डाच्या पेटीवर घातला. एकदा. पत्रा चेपला. दुसऱ्यांदा. हिरवे तुकडे उडाले. तिसरा घाव घालताना कृष्णातनं मोठा पाना त्याच्या डोक्यात मागून मारला. नारळ फुटल्यासारखा आवाज झाला.

गुंडू गुळाच्या रव्यासारखा कृष्णातवर पडला. त्यानं त्याचा पान्याचा हात पिरगाळला, हाड बाहेर आल्यावरच सोडला. त्या गोंधळात बल्ब पेटला. प्रेसचं चाक घरघरायला लागलं. चिमणाबाईचा तळवा अजून बटणावर होता, दचकून घट्ट दाबलेला.

दट्ट्या वरच राहिला.

गुंडूनं सोमशेखरला पाठीवर टाकून सरकारी दवाखान्यात नेलं. वरच्या मजल्यावर पिराजी हाताला टाके घालून पडला होता. सोमशेखर पुढं नऊ दिवस जगला, पण शुद्ध अशी त्याला त्या दुपारीच पाव तास होती. खाटेजवळ दानेश्वरी आणि गुंडू होते.

"चिमणाबाई?" त्यानं विचारलं.

"बरी हाय. दोन्ही हात जाग्यावर."

"लाईट आली?"

"आली की. तासभर झाला."

"ते दोन प्रेस?"

"बंद हाईत, सोमूअण्णा," गुंडू म्हणाला. पहिल्यांदाच त्यानं त्याला अण्णा म्हटलं. "आताच फोन केला मी. बंद हाय म्हणाले."

सोमशेखरनं लाल डोळे उघडले.

"'बंद हाय म्हणाले' हे मला सांगू नगंस. जा, हात मोजून ये."