कानबघ्या काकू

कानबघ्या काकू आधी माणसाचे कान बघायच्या, मग तोंड. नवराबायको जोडीनं समोर आले, की त्यांची नजर त्याच्या कानावरून तिच्या कानावर जायची आणि परत यायची. कापडाचे दोन तुकडे एकाच ताग्यातले आहेत का, हे शिंपी जसं बघतो तसं.

हे नाव अमेरिकेत सनीव्हेलच्या आमच्या अपार्टमेंटमधल्या मुलांनी पाडलं होतं. २००४ साली मी पहिल्यांदा लेकीकडे, मनीषाकडे, सहा महिने राहायला गेले होते. काकू मिरजेच्या. नवरा वारल्यावर धाकट्या मुलाकडे, प्रसादकडे आलेल्या. माझ्यापेक्षा आठदहा वर्षांनी मोठ्या. मी चार माणसांत बोलायला लाजायची, त्या चाळीस माणसांत बोलायच्या.

शनिवारी सगळे एकेक पदार्थ घेऊन कुणाच्या तरी घरी जमायचे. तिथं काकूंची तपासणी चालायची. जोडप्यातल्या दोघांना आपापल्या हातांची बोटं गुंतवायला लावायच्या आणि कुणाचा कुठला अंगठा वर येतो ते बघायच्या. जीभ गुंडाळता येते का विचारायच्या. "काकू, आमचे कान पण चेक करा ना यार," म्हणून मुलं मागं लागायची. एखाद्या जोडप्याला कुणी म्हणालं, "किती सारखे दिसता तुम्ही दोघं!" तर ते दोघं खूश व्हायचे. काकू मात्र विचारायच्या, "आईचं माहेर कुठलं हो तुमच्या?" सारखेपणाचा त्यांना भारी संशय. "सारखं दिसणं चांगलंच असतं, हे कुणी सांगितलं?" असं म्हणून त्या वाटीतला भात कालवत बसायच्या.

मनीषाचं लग्न तेव्हा समीरशी ठरल्यासारखं होतं. समीर माझ्या नणंदेचा मुलगा, मनीषाचा सख्खा आत्येभाऊ. मामाची मुलगी करण्यात आमच्याकडे कुणाला काही वाटत नाही, उलट घरातली मुलगी घरात राहिली म्हणतात. मनीषाचे वडील गेले तेव्हा वन्संच पाठीशी उभ्या राहिल्या होत्या. त्यांनी विचारलं आणि मी मान हलवली. समीर तिथंच शिकत होता. दिवाळीत गावी जाऊन साखरपुडा करायचा होता.

दोघं दिसायचेही सारखे. कपाळावर तेच केसांचं वळण, तोच बारीक आवाज. घरातून उन्हात आले, की दोघंही पाठोपाठ शिंकायचे. एकदा काकूंच्या समोरच ते शिंकले. सगळे हसले. काकू हसल्या नाहीत. त्या कान बघत होत्या.

दुसऱ्या दिवशी खाली कपडे धुवायच्या खोलीत त्यांनी मला गाठलं.

"मनीषाची आई, त्या मुलाचं तुमच्याशी नातं काय?"

"नणंदेचा मुलगा."

त्यांनी मशीनमध्ये घालायला घेतलेली चादर तशीच हातात धरली. "हे लग्न करू नका," म्हणाल्या.

मी माझे कपडे उचलून निघून आले. पण घरी आल्यावर डोकं चालायला लागलं. प्रसाद बिनलग्नाचा. काकू त्याच्याच हाती आमच्याकडे पुरणपोळ्या पाठवायच्या. मनीषाची जन्मवेळ त्यांनी एकदा सहज विचारली होती. ते सहज नव्हतं, असं आता मला वाटू लागलं. बाईला आपल्या मुलासाठी माझी पोरगी हवी आहे आणि म्हणून ती जमलेलं मोडायला निघाली आहे. पुढच्या पोळ्या मी खाल्ल्या नाहीत. मनीषानं खाल्ल्या.

मग मीच काकूंवर नजर ठेवायला लागले. शनिवारी संध्याकाळी त्या त्याच कपडे धुवायच्या खोलीत बाकावर बसून भारतात फोन लावायच्या. मिरजेला तेव्हा रविवारची सकाळ. पण बोलायच्या नाहीत. नुसता फोन कानाला. पाच मिनिटं, दहा मिनिटं. मध्येच गालात हसायच्या. चाळीस माणसांत बोलणारी बाई फोनवर गप्प का? ही कुणाचं काय चोरून ऐकते?

एका शनिवारी मी टोपली घेऊन दारातच उभी राहिले. त्यांनी मला पाहिलं, खुणेनं जवळ बोलावलं आणि फोन माझ्या कानाला लावला. पलीकडे कुणी बोलत नव्हतं. श्वास ऐकू येत होता. मग नख वाजवल्यासारखं टकटक झालं.

"माझा थोरला, अशोक," काकू म्हणाल्या. "मिरजेला चुलत्यांकडे असतो. जन्मापासून ऐकू येत नाही त्याला. चुलते फोन उचलून त्याच्या हातात देतात. नाश्ता झाला, बरा आहे, असं वाजवून सांगतो."

"मग तुम्ही काय सांगता?"

"मी काय सांगणार? ऐकते."

मी बाकावर बसले. मग त्या हळूहळू बोलत गेल्या. त्यांच्या सासूबाई म्हणजे त्यांच्या सख्ख्या आत्या. "मांडवात सगळे म्हणाले, बहीणभाऊ वाटतात, किती गोड! ह्यांचे कान आणि माझे कान एक. अशोक झाल्यावर डॉक्टर म्हणाले, घरातल्या घरात लग्न झालं की असं होण्याची शक्यता वाढते. आधी कुणी बोललं नव्हतं. अशोकबद्दल माझी तक्रार नाही हो. मिरजेत त्याच्यासारखा ब्लाउज कुणी शिवत नाही. पण लहान असताना मी गाणं म्हणायचे आणि तो माझ्या ओठांवर बोट ठेवून बघायचा, हे काय हलतंय म्हणून."

एवढं ऐकूनही माझा संशय गेला नव्हता. कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "प्रसादसाठी तर नाही ना सांगत तुम्ही?"

काकू इतक्या हसल्या की फोन खाली पडता पडता राहिला. "अगं बाई! म्हणून तोंड फिरवून जात होतात होय तुम्ही? प्रसादचं जमलंय. चिनी मुलगी आहे. कान बघितले मी. एक रेघ जुळत नाही!"

त्याच आठवड्यात मी मनीषाला सगळं सांगितलं. ती म्हणाली, "आई, मी वाचलंय ह्यावर. कझिन्समध्ये रिस्क असते, पण बहुतेकांची मुलं नॉर्मलच होतात. आत्या काय म्हणेल ते सोड. तुला काय वाटतं?"

मला काय वाटतं, हे आजवर कुणी विचारलं नव्हतं. मी म्हटलं, "मला भीती वाटते. नको."

मनीषानं समीरला सांगितलं. त्यानं ते शांतपणे घेतलं. जरा जास्तच शांतपणे. त्याच्या मनात आधीच दुसरी कुणी होती की काय, अशी शंका मला अजून आहे. वन्सं माझ्याशी बोलायच्या बंद झाल्या, त्या आजतागायत.

दोन वर्षांनी मनीषानं ऑफिसमधल्या वेंकटशी लग्न केलं, तेव्हा मी तिकडे गेले होते. उंच, रुंद, सावळा मुलगा. काकूंनी त्याला खाली वाकायला लावून कान बघितले आणि पाठीत धपाटा घातला. "काहीच जुळत नाही. छान!" त्यानंतर थोड्याच दिवसांत त्या अशोककडे मिरजेला कायमच्या परत गेल्या. निघताना माझा हात धरून म्हणाल्या, "बाळ झालं की पाळण्यामागं ताट टाकून बघा. आणि तेव्हा मला फोन लावा."

२००७ मध्ये मी बाळंतपणाला पुन्हा गेले. मुलगी झाली. हॉस्पिटलमधल्या नर्सनं ऐकू येतं का बघायला बाळाच्या कानाला मशीन लावलं आणि पास म्हणून सांगितलं. जाताना मनीषा आणि वेंकटकडे बघून ती काहीतरी हसून बोलली. मी मनीषाला अर्थ विचारला. "म्हणते, तुम्ही दोघं किती सारखे दिसता," मनीषा म्हणाली. मी वेंकटच्या कानांकडे बघितलं, मग तिच्या. काही जुळत नव्हतं. तरी मशीनवर माझा विश्वास बसेना.

घरी आल्यावर बाळ झोपलेलं असताना मी मिरजेला फोन लावला. "काकू, टाकते हं," म्हटलं आणि पाळण्यामागं स्टीलचं ताट सोडलं.

बाळ दचकलं. दोन्ही हात वर गेले आणि त्यानं टाहो फोडला. आतून मनीषा ओरडली, "आई! काय करतेस? आत्ता कुठं झोपली होती ना!"

मी फोन बाळाच्या तोंडाजवळ धरला. मग आपल्या कानाला लावला. पलीकडून काहीच आवाज नाही. मला वाटलं, लाइन कट झाली.

"काकू? ऐकताय ना?"

"गप्प बस गं," काकू म्हणाल्या. "रडू दे तिला. फोन तिकडं धर."