सगुणावहिनींचे हात

चार माणसांत बसल्या की सगुणावहिनी हात पदराखाली घ्यायच्या. भोरच्या आमच्या आळीत नव्यानं आलेल्यांना वाटायचं, बाई भारीच मर्यादशील. कसली मर्यादा! सगळ्या आळीला गप्प करणारं त्यांचं तोंड कधी पदराआड गेलं नाही. गेले ते हात. वहिनी वारल्या, आणि हात लपवण्याचं कारण ठाऊक असलेला आता मी एकटाच उरलोय. म्हणून लिहितो.

वहिनी माझ्या शेजारच्या. नवरा कचेरीत शिपाई, माहेर वेल्ह्याकडचं, पासलीचं. तांदळाची भाकरी त्यांनीच थापावी. पातळ, पांढरी, कडेला एक चीर नाही. लग्न कुणाचंही असो, भाकऱ्यांना बोलावणं वहिनींनाच. उकड मळता मळता म्हणायच्या, "पीठ आन नवरा, गरम हाय तवरच मळून घ्यावा." नवरा ओट्यावर बसून हे ऐकायचा आणि बिचारा हसायचा.

सत्तर सालच्या आसपासची गोष्ट. कापूरहोळच्या फाट्यावर माझं गाड्या दुरुस्तीचं दुकान नवंच होतं. भोरच्या एका वकिलांनी मुंबईहून जुनी परदेशी गाडी आणली होती. तिची चाकं लोखंडाची नव्हती, ॲल्युमिनियमच्या जातीच्या हलक्या धातूची होती, चकचकीत. घाटात कठड्याला घासून दोन चाकं ओरबाडली. "आरशासारखी करून देतो साहेब," मी म्हणालो. असलं चाक मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो.

चाकं घरी आणली. कानशीनं ओरखडे उतरवले, औषध लावून जुनं वॉर्निश सोडवायला घेतलं, पॉलिश पेपर फिरवला. चाक राखाडी ते राखाडीच. कुंपणापलीकडून वहिनी बघत होत्या.

"भावजी, चाक घासताय का मांजर कुरवाळताय?"

"तुम्हीच घासून दाखवा."

"सरका तिकडं."

बसल्या. चिंच, राख, मग खडूची पूड. रोज दुपारी घरची भांडी आटोपून यायच्या. मी वॉर्निश काढायचं कामही त्यांच्याच अंगावर टाकलं आणि दुकानात निघून गेलो. हाताला फडकं गुंडाळा, एवढंही सांगितलं नाही. ते औषध कातडी सोलवटतं, हे मला माहीत होतं. शिवाय त्या धातूची खोडच अशी, की चाक उजळत जातं तसा घासणाऱ्याचा हात काळा होत जातो. काळं नखांत शिरतं, रेषांत बसतं. "लई न्हाई, वाईच झोंबतंय," वहिनी म्हणाल्या. आणि चाकात तोंड बघून खदखदून हसल्या, "अगं बया, माजं नाक एवढं फेंदारं हाय व्हय?"

वकिलांनी चाकावरून रुमाल फिरवून पाहिला. "स्वतःच्या हातानं केलंस?"

"होय साहेब."

शेजारच्या बाईनं घासून दिली म्हणालो असतो, तर फाट्यावर माझं हसं झालं असतं.

लगेचच वकिलांच्या पुतणीचं लग्न आलं. वहिनी परातीपुढे बसून उकड मळत होत्या, तोच मुलाकडची एक बाई किंचाळली, "शी! हिचे हात बघा. महारोगबिरोग तर नाही?" बायका भराभरा उठल्या. कुणीतरी मळलेली उकड गुरांपुढे टाकली.

वहिनी शांतपणे म्हणाल्या, "चाकाचं काळं हाय बाई. इचारा आमच्या भावजींना."

मी पंगतीला पाणी वाढत होतो. शेजारी वकील उभे. सगळे माझ्याकडे बघू लागले.

"कसलं चाक? मला काय ठाऊक," मी म्हणालो.

वकिलांनी नाकाला रुमाल लावला. चाक पुसलं होतं तसलाच पांढराशुभ्र. वहिनींनी माझ्याकडे एकदाच पाहिलं, हात पदराखाली घेतले आणि घरी गेल्या.

काळं उतरलं, नवी कातडी आली. लोकांची किळस तेवढी उतरली नाही. हळदीकुंकवाला बायका त्यांच्या कपाळाला लांबूनच बोट टेकवायच्या, भाकऱ्यांना बोलावणं तर कायमचं थांबलं. त्याच आळीत माझ्या हाताचं कौतुक चालायचं. किळस यावी असे हात माझे होते. कौतुक ऐकताना मी हसून मान डोलवायचो.

नवरा गेल्यावर वहिनी पासलीला परतल्या. पुढे एकदा बिघडलेल्या ट्रकसाठी मला तिकडे जावं लागलं. त्यांनी ओळखलं. "जेवल्याबिगर जायचं न्हाई."

चुलीपाशी बसलो. त्यांचे हात स्वच्छ होते, मी नीट पाहिले. पण परात त्यांनी काढलीच नाही. तांदळाचं पीठ डावानं भिजवलं, डावानंच केळीच्या पानावर पसरलं, वरून दुसरं पान घालून तव्यावर भाजलं आणि उलथन्यानं माझ्या ताटात सरकवलं.

"पानगी हाय भावजी. बिनघोर खावा. हात न्हाई लागला कुटं."

टोमणा असता तर बरं झालं असतं. तो नव्हता. मलाही त्यांच्या हातांची खरंच किळस येते, म्हणूनच मी लग्नात नाही म्हणालो, असं त्या इतकी वर्षं धरून चालल्या होत्या. वहिनी, भाकरी थापा, एवढंच म्हणायचं होतं मला. मी पान सोललं आणि पानगी खाल्ली.

वाढून झाल्यावर त्या समोर बसल्या. हात पदराखाली घेऊन.