शार्क वाचवा, आणि आईची मोरी

मंडळी, समुद्रात पोहणाऱ्या एकाला शार्क चावल्यापासून इथे परदेशात, आमच्या शहरात वाद पेटलाय, शार्क मारायचे की नाही. आज लंचरूममध्ये आम्हा नर्सेसचीही त्यावरून जुंपली. मी डबा संपवून वॉर्डात परतले.

पापाकुराला, आमच्या उपनगरात, घरी आले, तर नऊ वर्षांची लेक पोस्टर रंगवत बसलेली. 'सेव्ह अवर शार्क्स'. मला विचारते, "आई, हॅव यू एव्हर सीन वन?"

पाहिलाय की! मालवणला, आईच्या कालवणात. छोट्या शार्कला आम्ही मोरी म्हणतो. बाळंतिणीला दूध यावं म्हणून मुद्दाम खायला घालतात.

लेक झाली तेव्हा आईला व्हिसा मिळाला नाही. तिने फोनवर वाटण सांगितलं, नवऱ्याने इथल्याच ओटाहुहू भागातल्या मासेवाल्याकडून तसलाच छोटा शार्क आणला आणि मी रडत रडत शिजवला. आईची चव काही आली नाही. दूध मात्र आलं.

आता आईच नाही.

लेकीला एवढंच म्हटलं, "हो गं, लहानपणी पाहिलाय."

उद्या ती पोस्टर घेऊन बीचवर उभी राहणार, आणि शेजारी मी. तिला कसं सांगू, की तुला दूध पाजलं ते शार्क खाऊनच? आणि हेही कसं सांगू, की आज आई असती, तर मी पुन्हा मोरीच मागितली असती?