साक्ष खरी ठरावी म्हणून

"मधे गोळ्या बंद केल्या होत्या का?" डॉक्टरांनी विचारलं. मी नाही म्हणाले.

शिरूरच्या सरकारी दवाखान्यात टीबीची खोली वेगळी आहे. दारं-खिडक्या सताड उघड्या असतात. तोंडावर मास्क होता, त्यामुळे खोटं बोलणं सोपं गेलं. डॉक्टर माझ्या धाकट्या भावाच्या वयाचे. त्यांनी रिपोर्ट माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "रिफॅम्पिसिन रेझिस्टंट आलंय." रिफॅम्पिसिन ही टीबीची मुख्य गोळी. रेझिस्टंट म्हणजे आता माझ्या छातीतले जंतू तिला दाद देत नाहीत. "असे जंतू कधी दुसऱ्याकडूनही येतात. पण बऱ्याचदा गोळ्या अर्धवट सोडल्या की असं होतं, म्हणून विचारलं," ते म्हणाले, आणि पुण्याच्या मोठ्या दवाखान्याची चिठ्ठी लिहायला लागले.

मी गोळ्या सोडल्या होत्या. देवासाठी सोडल्या, असं मला वाटत होतं. माझ्यासारखी आणखी कुणी बाई कुठल्या तरी चर्चच्या मंडळीत बसलेली असेल, तिच्यासाठी हे लिहिते आहे. शहाणपण सांगायची माझी लायकी राहिलेली नाही. काय झालं तेवढं सांगते.

मी शिरूरला राहते, ब्लाउज शिवते आणि रविवारी चर्चमध्ये मुलांचा संडेस्कूल घेते. माझा नवरा सुरेश रांजणगावला कंपनीत आहे. मागच्या थंडीत खोकला लागला आणि तीन आठवडे झाले तरी हटेना, थुंकीत रक्तही दिसलं, तेव्हा स्प्युटम म्हणजे बेडका तपासला. टीबी निघाला. तेव्हा मी फारशी घाबरले नाही. सहा महिने गोळ्या, त्याही फुकट. मंडळीनं माझ्यासाठी प्रार्थना केली. दोन महिन्यांनी बेडका पुन्हा तपासला, त्यात जंतू नव्हते. वजन चार किलो वाढलं होतं. डॉक्टर म्हणाले, "छान. पण अजून चार महिने गोळ्या घ्यायच्या." माझ्या कानात 'छान' एवढंच शिरलं.

माझं माहेर दौंडला. तिथल्या आमच्या चर्चमध्ये शुक्रवारी उपवास-प्रार्थना असते, आणि त्यात साक्ष देतात. देवानं ज्याच्यासाठी काही केलं असेल त्यानं पुढं उभं राहून ते सांगायचं. आईनं मला न विचारताच माझं नाव देऊन टाकलं.

मी बोलायला बरी आहे, तीच माझी खोड. मुलांना गोष्टी सांगून सांगून मला कळतं, कुठं थांबलं की डोळ्यांत पाणी येतं. खोकला सांगितला, रक्त सांगितलं, निगेटिव्ह रिपोर्ट सांगितला. लोक रडायला लागले. माझी मान ताठ झाली. आणि मग माझ्या तोंडून निघून गेलं, "प्रभूनं मला पूर्ण बरं केलंय. आता मला गोळीची गरज उरली नाही. मी गोळ्या बंद केल्यात."

तोपर्यंत बंद केल्या नव्हत्या. त्या दिवशी सकाळीच चहाच्या आधी घेतल्या होत्या.

सगळी मंडळी आमेन म्हणाली. दुसऱ्या दिवशी शिरूरला गोळ्यांचं पाकीट हातात घेतलं आणि हात थांबला. गोळी घेतली तर देवाच्या नावानं चारचौघांत बोललेलं खोटं ठरणार. म्हणून मी गोळी घेतली नाही. साक्ष खरी ठरावी म्हणून मी ती तशी जगायला लागले. रोजच्या गोळ्या संडासात टाकायचे आणि रिकामी पाकिटं, दवाखान्यातर्फे गोळ्यांची नोंद घ्यायला घरी येणाऱ्या आशाताईंना दाखवायचे. त्या बिचाऱ्या वहीत बरोबरची खूण करून जायच्या. एका खोट्याच्या बचावासाठी मी रोज नवं खोटं बोलत होते आणि त्याला विश्वास म्हणत होते.

चार महिन्यांनी खोकल्यातून पुन्हा रक्त पडलं, आणि शिरूरच्या डॉक्टरांनी ती पुण्याची चिठ्ठी दिली.

पुण्याच्या वॉर्डात मी दोन आठवडे होते. नव्या गोळ्या सुरू करण्याआधी इसीजी काढतात, म्हणजे हृदयाचा आलेख, कारण त्यातली एक गोळी हृदयाचे ठोके बिघडवू शकते. बाकावर ओळीनं बसायचं, नाव पुकारलं की आत जायचं. तिथल्या मोठ्या डॉक्टरांना मी खरं सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं. "देवावर विश्वास ठेवा, मी कशाला नाही म्हणू? पण गोळ्या चुकवल्या तर पुढच्या वेळी माझ्या हातात फारसं काही उरणार नाही," असं ते म्हणाले. ओरडले असते तर बरं वाटलं असतं.

घरी आले. नव्या गोळ्यांनी चेहरा काळवंडला. तळपायांची आग व्हायला लागली. त्याला न्यूरोपथी म्हणतात, म्हणजे औषधानं नसा दुखावतात. मशीनच्या पायट्यावर पाय ठेववेना, शिवण बंद पडलं. संडेस्कूल तर बंदच होता. चर्चचे पाळकसाहेब आले, ओट्यावर उभं राहून मनापासून प्रार्थना केली आणि गेले. मोबाइलवर रोज सकाळी गुलाबाच्या चित्रावर छापलेली वचनं यायची. खचू नको, देव परीक्षा घेतोय. मला ती वाचून राग यायचा. परीक्षा देवानं घेतलीच नव्हती. मीच पेपर काढला होता आणि मीच नापास झाले होते.

प्रार्थनेला डोळे मिटले की मला माझाच आवाज ऐकू यायचा, दौंडच्या त्या शुक्रवारचा. म्हणून मी डोळे मिटणं सोडलं. देव नाही, असं मला एकदाही वाटलं नाही. तो आहे आणि मला ओळखून आहे, याचीच भीती वाटायची.

त्यात आईचा फोन आला. आमच्या दौंडच्या घराशेजारी आप्पा राहतात, रेल्वेतून रिटायर झालेले, बहात्तरीचे. त्या शुक्रवारी ते पहिल्या बाकावर होते. माझी साक्ष ऐकून त्यांनीही मधुमेहाच्या गोळ्या सोडल्या होत्या. पायाला जखम झाली, चिघळली, आणि डाव्या पायाची करंगळी काढावी लागली. "तुला सांगणार नव्हते," आई म्हणाली.

त्या आठवड्यात मी सुरेशला सांगितलं की मला आता गोळ्या नकोत. बरं होऊन करायचं काय? त्यानं कंपनीत रजा टाकली आणि रोज सकाळी गोळ्या तळहातावर घेऊन माझ्यासमोर बसून राहायला लागला. मी त्या घ्यायचे ते त्याच्या रजा वाया जाऊ नयेत म्हणून.

मग एका सकाळी आप्पांचाच फोन आला. दोनदा मी उचलला नाही. तिसऱ्यांदा सुरेशनं उचलून माझ्या कानाला लावला.

"सलाम, बाय. गोळी घेतली का?"

मला रडू आलं. "आप्पा, माझ्यामुळं तुमचं बोट गेलं."

"तुझ्यामुळं कसं? मला गोळ्यांचा कट्टाळाच आला व्हता. तू निमित्त दिलंस, म्या धरलं." मग म्हणाले, "आन् व्हय, राग बी आलाय मला तुझा. खोटं कशाला बोलू? पर राग आला म्हणून फोन करायचा न्हाई का?"

मी त्यांना सांगितलं की मला प्रार्थना करता येत नाही. कुणाशी बोलले नव्हते हे, सुरेशशीसुद्धा.

"मग नगं करू. म्या करतो दोघांची. तू आमेन म्हण. त्ये बी न्हाई जमलं तरी चालंल, गोळी तेवढी घे."

तेव्हापासून रोज आठ वाजता फोन. आप्पांची प्रार्थना लांबलचक नसायची. देवा, हिला गोळी पचू दे, माझी साखर आटोक्यात राहू दे, दोघांना आजचा दिस दे. मग ते थांबायचे. मी आमेन म्हणायचे नाही. थोडा वेळ वाट बघून ते "बरं, उद्या" म्हणायचे आणि फोन ठेवायचे. असं दीड महिना चाललं. त्यांनी एकदाही मला विश्वास ठेव म्हटलं नाही.

माझ्या मनात उजेड वगैरे पडला नाही. पाय जळतच होते. कल्चरचा रिपोर्ट, म्हणजे बेडक्यातले जंतू वाढवून बघतात तो, अजून आलेला नाही. बरी होईन की नाही, मला माहीत नाही. खचलेल्या माणसाला मी एवढंच सांगेन. तुला प्रार्थना येत नसेल तर दुसऱ्याला करू दे, आणि ज्याचं तू वाईट केलंस त्याचा फोन आला तर उचल.

गेल्या मंगळवारी आठ वाजता फोन वाजला. आप्पा नेहमीसारखं "सलाम" म्हणाले, पण गोळीचं विचारलं नाही. मग मीच त्यांना विचारलं, "तुम्ही गोळी घेतली का?"

"न्हाई," ते म्हणाले. "काल डॉक्टर म्हनले, शेजारचं बोट बी काढाया लागंल. आज मला यत न्हाई, बाय. तू कर."

मी म्हटलं, आप्पा, मला नाही जमायचं. नुसता त्यांचा श्वास ऐकू येत होता.

मी डोळे मिटले. माझा तो शुक्रवारचा आवाज आला नाही, कारण बोलण्यासारखं छान असं काही माझ्याकडे नव्हतंच. "देवा," मी म्हटलं, "मी तुझ्या नावानं खोटं बोलले. त्यात आप्पांचं बोट गेलं. ते घाबरलेत. मीही घाबरलेय. त्यांना आत्ता गोळी घेऊ दे. पुढचं मला काही सुचत नाही."

मग भांड्यात पाणी ओतल्याचा आवाज आला, एक घोट गिळल्याचा आवाज आला, आणि आप्पा म्हणाले, "आमेन."