मागच्या सीटवरची जागा

शॉकअप टेबलावर आडवा ठेवला होता आणि त्याची दांडी आपोआप बाहेर येत होती. अगदी सावकाश. कोणी हात लावलेला नव्हता. शांताराम, माझा हेड फिटर, दोन पावलं मागे सरकला.

"साहेब, ह्यो जिता आसा."

"गॅसचा आहे. गप बस."

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. घाटकोपरला माझं गॅरेज होतं. शॉकअप म्हणजे शॉक अ‍ॅब्सॉर्बर. खड्डा झेलते ती स्प्रिंग, पण ती एकदा दबली की नाचतच राहते. तो नाच थांबवायचं काम शॉकअपचं. आपल्याकडच्या शॉकअपमध्ये तेव्हा नुसतं तेल असायचं. दांडी दाबली की दाबलेलीच राहायची. या जपानी शॉकअपमध्ये तेलाबरोबर कोंडलेला गॅस होता, तो दांडीला परत बाहेर ढकलत होता. एवढं मला कळत होतं. तरी अंगावर काटा आला, कारण ते शॉकअप आम्ही कुठून आणले होते हेही मला माहीत होतं.

गाडी परबांची. परब जहाजावर इंजिनियर, मुलुंडला राहायचे. परदेशातून येताना जपानी गाडी घेऊन आले होते. आकाशी रंगाची, देखणी गाडी, पण चारही शॉकअप गेलेले. खड्ड्यातून गेली की होडीसारखी डुलायची. एरवी चाललं असतं. पण परबांच्या आईचा मणका मोडलेला होता आणि तिला मालवणला घरी जायचं होतं. ऑपरेशन झेपणार नाही, असं डॉक्टरांनी सांगितलं होतं. "न्यायचं तर आत्ताच न्या. पण धक्का बसता कामा नये. एक मोठा धक्का पुरेल."

"काहीतरी करा हो," परब म्हणाले. "रोज विचारते, कधी निघायचं म्हणून."

नवे शॉकअप मागवायचे तर ड्यूटी धरून चारांच्या किमतीत स्कूटर आली असती, शिवाय पत्ता नाही कधी पोचतील. देशी गाड्यांचे लावून पाहिले. लांबीच जुळेना. मुलुंडला एकजण जुने शॉकअप कापून, नवं तेल भरून वेल्डिंग करून द्यायचा. त्याच्याकडून करून आणले, तर आठवड्यात गळायला लागले. मी पार वैतागलो.

मग कांजूरमार्गच्या गफूरभाईचा निरोप आला. तो भंगारवाला. "तुमच्यावाली गाडी आलीय शेठ. सेम टू सेम."

शांतारामला घेऊन दुपारी गेलो. पलीकडे कचरा जळत होता, त्याचा धूर जमिनीलगत पसरलेला. त्या धुरात ती उभी होती. तीच कंपनी, तेच मॉडेल, तोच आकाशी रंग. क्षणभर वाटलं, परबच आमच्या आधी पोचले की काय. पुढचा भाग चेपलेला, टायर बसलेले.

शॉकअप तपासायची सोपी रीत आहे. गाडीचा कोपरा अंगाचा भार टाकून दाबायचा आणि सोडायचा. एकदाच वर येऊन थांबली तर शॉकअप चांगला. तीन कोपरे झकास. चौथा, मागचा डावा, दाबून सोडला. वर आला, थांबला. आणि आम्ही हात काढून उभे असताना आणखी थोडा वर आला. सोफ्यावरून माणूस सावकाश उठलं की गादी वर येते, तसा.

मी काचेतून आत पाहिलं. मागच्या सीटवर डाव्या बाजूला उशा रचलेल्या होत्या. पाठीला टेकू द्यायला रचतात तशा. खाली एक काठी आणि अर्धी भरलेली तेलाची बाटली. परबांनी आईसाठी अश्शाच उशा रचून मला दाखवल्या होत्या.

"गफूरभाई, कोणाची गाडी?"

"बुढ्ढी होती एक. पोरगा गावाला घेऊन चाललेला. घाटात ठोकली. पोराला खरचटलं पण नाही. बुढ्ढी तिकडेच गेली."

"कुठलं गाव?"

"कोकणात कुठे तरी. मला काय ठाऊक?"

मी म्हणालो, राहू दे, जाऊ या. शांताराम म्हणाला, "थांबा. विचारून घेऊया." त्याने खिशातून पानसुपारी काढून बॉनेटवर ठेवली आणि गाऱ्हाणं घातलं. गाऱ्हाणं म्हणजे कोकणातल्या माणसाने देवाशी केलेला तोंडी करार. मागणं मागायचं आणि बदल्यात काय करणार तेही बोलायचं. दरेक वाक्याला बाकीच्यांनी 'व्हय म्हाराजा' म्हणायचं. तिथे बाकीचे म्हणजे मी आणि गफूरभाई.

"बा देवा म्हाराजा, हय जी कोण बसली आसा, तिचा घराक जाऊचा ऱ्हवला."

"व्हय म्हाराजा."

"आमका ह्ये शॉकअप घेवक दी. आमी तिका घराक पोचवतलंव."

"व्हय म्हाराजा," गफूरभाई मोठ्याने म्हणाला. त्याच्या मागोमाग मीही कसंबसं म्हटलं.

शॉकअप बसवले. ट्रायलला परब आईलाच घेऊन आले. बाईची कातडी आणि हाडंच उरली होती, डोळे मात्र लखलखीत. उजवीकडे बसवलं. घाटकोपरमध्ये खड्ड्यांना तोटा नव्हता, सगळे धुंडाळून मी गाडी घातली. तिने हूं की चूं केलं नाही.

"आई, दुखलं का गं?" परबांनी विचारलं.

"नाय रे. पाळण्यात बसल्यासारखा वाटला."

परबांचे डोळे भरून आले. तेवढ्यात शांताराम खिडकीशी वाकला. मी डोळ्यांनी खुणावत होतो, पण हा कसला ऐकतोय.

"काकी, एक सांगूचा आसा. मी शबूद दिलंय." आणि त्याने सगळं सांगितलं. ती गाडी, ती म्हातारी, ते गाऱ्हाणं.

परब भडकले. "डोकं फिरलंय काय रे तुझं? आजारी बाईला काय सांगतोस?" मला म्हणाले, "काढा ते शॉकअप. आत्ताच्या आत्ता." माझी तर वाट लागली. काढले, तर म्हातारी मुलुंडच्या खोलीत मरणार होती.

म्हातारीने हात वर केला. "तिका घराक पोचाक गावला नाय मा?"

"नाय काकी."

"मगे येवंदे माझ्यावांगडा. बाजूक जागा आसा."

आणि ती डावीकडची उशी उचलून मांडीवर घेऊन बसली.

महिन्याने परब एकटे गॅरेजवर आले. आई नीट पोचली होती. पंधरा दिवस ओटीवर बसून तिने येणाऱ्या-जाणाऱ्याशी गप्पा मारल्या आणि एका दुपारी झोपेतच गेली. हे सांगताना ते हसतही होते आणि रडतही होते.

मग म्हणाले, "वाटेत एका फाट्यावर तिने गाडी थांबवायला लावली. मला म्हणाली, डावीकडचं दार उघड. उघडलं. काही वेळ बसून राहिली, मग म्हणाली, लाव आता. पण दार उघडलं तेव्हा गाडी मागून वर आली हो. आई तर आतच होती."

मी इंजिनियर माणसाला काय सांगणार? उन्हाने गॅस फुगतो वगैरे बोललो. त्यांनी मान हलवली. माझ्यासारखाच त्यांचाही त्यावर विश्वास बसला नव्हता.

त्यानंतर मी धंद्यात एक पथ्य पाळलं. जुना पार्ट लावला की तो कुठून आणला, हे गिऱ्हाइकाला स्वच्छ सांगायचं. बहुतेक जण नको म्हणतात. एखाद्याला सोबत हवी असते.