घरच्यासारखी सोय

नाताळच्या सुट्टीत आम्ही नागावला पोचायचो तेव्हा हिराकाकी ओट्यावर उभी असायची. आमच्या स्वागतासाठी नव्हे. आमचे हात मोकळे आहेत की सामानात अडकलेत, हे बघायला. मोकळा हात दिसला की म्हणायची, “आलास? बरं झालं. त्या गाद्या उचल, उनात टाक.” पाणी, चहा, प्रवास कसा झाला, हे सगळं नंतर, आणि पुष्कळदा नंतरही नाही. माझी बायको स्मिता लग्नानंतर पहिल्यांदा त्या घरी आली तेव्हा नव्या साडीत होती. काकीनं तिला पायापासून डोक्यापर्यंत न्याहाळलं आणि विचारलं, “कापडं बदलायची हायत, का अशीच भांडी घासशील?”

हिराकाकी म्हणजे माझ्या थोरल्या काकांची बायको. काका गेल्यावर घर, नारळीची वाडी आणि माझा चुलतभाऊ दिनेश, तिन्ही तिनं एकटीनं वाढवलं. त्यातली वाडी तेवढी जरा शहाणी निघाली, असं ती दिनेशसमोरच सांगायची. पुढे नागावच्या किनाऱ्यावर मुंबईची माणसं पिवळ्या फुगीर होड्यांवर बसून किंचाळायला लागली, तेव्हा गावातल्या इतर घरांसारखं आमच्या घराचंही होमस्टे झालं. दिनेशनं रंगारी आणला आणि फाटकावर पाटी चढली: ‘घरच्यासारखी सोय’. ती वाचून येणारी माणसं गहिवरून आत शिरायची. आम्हाला मात्र हसू यायचं, कारण त्या घरात घरच्यांची काय सोय असते ते आम्ही लहानपणापासून भोगत होतो.

काकीच्या लेखी जगात माणसं दोनच प्रकारची: घरची आणि पाव्हणी. पाव्हण्यांना पलंग, मच्छरदाणी, बंबाचं कढत पाणी आणि कागदात गुंडाळलेला वासाचा साबण. घरच्यांना पडवीत चटई, विहिरीचं पाणी आणि ज्याचं अंग आधी ओलं होईल त्याच्या हातातली साबणाची चीप. माझ्या लेकानं एकदा पाव्हण्यांचा साबण मागितला. काकी म्हणाली, “घरच्या मानसाला वासाचा साबन कशाला? तुला कोन हुंगनार हाय?” पोरगं बिचारं त्यानंतर दोन दिवस स्वतःचाच दंड हुंगत फिरत होतं. कोणतीही तक्रार केली की तिचं एकच उत्तर ठरलेलं असे: “आपुन घरची मानसं. घरच्यांनी मागायचं नसतं.” घरचं असणं हा त्या घरातला सगळ्यात मोठा मान होता, आणि त्या मानापायी आमची हाडं थंडीनं वाजायची.

मासळीची तर तऱ्हाच वेगळी. थळची एक कोळीण सकाळी पाटी घेऊन यायची. काकी आधी पाटीत बघायची आणि मग आज कोणता वार आहे ते ठरवायची. पाटीत पापलेट, सुरमई दिसली की घरच्यांचा वार असे. पाव्हण्यांना तळलेली तुकडी आणि आम्हाला वालाचं बिरडं. एकदा मी धीर करून म्हटलं, “काकी, आज बुधवार आहे.”

“बुधवार तुमच्या मुंबईत. हितं मार्गशीर्ष चालू हाय.”

त्यानंतरच्याच दिवशी, ऐन मार्गशीर्षातल्या गुरुवारी, पाटीत नुसती मांदेली आली. पाव्हण्यांनी काटे बघून नाकं मुरडली आणि दुपारी आमच्या ताटात मांदेल्यांचा ढीग पडला. “काकी, मार्गशीर्ष?” मी विचारलं. “आमच्याकडं संपला,” ती म्हणाली आणि आणखी दोन वाढली. तिच्या महालक्ष्मीला मासळीचा भाव रोजच्या रोज कळत असावा, याबद्दल आमच्या मनात शंका उरली नाही.

पाव्हण्यांशी बोलताना तिचा आवाजच बदलायचा. “या साहेब, बसा म्याडम, सावकाश जेवा.” पुण्याच्या एक बाई डोळ्यांत पाणी आणून म्हणाल्या होत्या, “आजी, किती हो प्रेमळ तुम्ही! आमच्या घरी असं कुणी वाढत नाही.” त्या वेळी आम्ही सगळे आत स्वयंपाकघरात विळीवर खोबरं खवत होतो आणि काकीनं दारातूनच मला डोळ्यांनी दटावलं होतं, कारण मी खोबऱ्याचा एक तुकडा तोंडात टाकला होता.

तिची बाजू घ्यायची माझी मुळीच इच्छा नाही, पण एक गोष्ट सांगायला हवी. पलंगावर तीही कधी निजली नाही. चुलीच्या उबेला गोधडी टाकून निजायची, सगळ्यांच्या मागून जेवायची आणि वासाचा साबण तिनं जन्मात अंगाला लावला नसेल. घरच्यांतली सगळ्यात घरची तीच होती.

आणि निघायच्या दिवशी पिशवी असायची. पाव्हण्यांना निघताना हसू आणि बिल मिळायचं. आम्हाला हसू नाही, ‘पुन्हा या’ नाही, काहीच नाही. मी गाडी सुरू करायच्या बेतात असलो की ती तांदळाची जुनी पिशवी फरफटत आणायची आणि डिकीत कोंबायची. आत नारळ, कडवे वाल, जवला, कोकमं, एखादी बाटली खोबरेल. “न्हे. हितं उंदीर खातात,” म्हणायची आणि आम्ही फाटकाबाहेर पडायच्या आत पाठ फिरवून मोरीकडे जायची. उंदरांवर तिचा एवढा राग होता की दरवर्षी पिशवी जडच होत गेली.

तीन वर्षांपूर्वी स्मिताच्या डोक्यात एक कल्पना आली. ती म्हणाली, “दरवर्षी आपण जाऊन त्यांच्या पडवीत पडतो. ऐन गर्दीच्या दिवसांत आपलंही सगळं त्यांनीच बघायचं. या वेळी आपण रीतसर बुकिंग करू या. त्यांनाही उत्पन्न आणि आपल्यालाही पलंग.” कल्पना इतकी शहाणपणाची होती की तिच्यात काही खोट असेल हे मला सुचलंच नाही. खरं सांगायचं तर मला पलंग दिसत होता. स्मितानं मोबाइलवर दोन बोटांत काम उरकलं.

आम्ही पोचलो तेव्हा काकी नेहमीसारखीच ओट्यावर उभी होती. माझे दोन्ही हात मोकळे होते. गाद्या समोरच पडल्या होत्या. तिनं गाद्यांकडे बघितलं, माझ्या हातांकडे बघितलं आणि म्हणाली, “या साहेब. प्रवास बरा झाला ना?”

मी मोकळे हात खिशात घातले.

पहिला दिवस स्मिताला फार आवडला, हे मी मुद्दाम नोंदवून ठेवतो. पलंग होता, कढत पाणी होतं, साबण तर तिनं कागदातून काढून मला दाखवला. गुरुवार असून ताटात सुरमई आली. मी म्हटलं, “काकी, आज वार ना?”

“वार आमचा, साहेब. पाव्हन्यांना कसला वार?”

तिनं मला उभ्या जन्मात ‘तुमी’ म्हटलं नव्हतं. सकाळी मी सवयीनं टॉवेल घेऊन विहिरीवर गेलो, तर मागून हाक आली, “साहेब, बंबाचं पानी काढलंय.” मी विळी ओढून नारळ खवायला बसलो, तर दिनेशच्या बायकोनं, वैशालीनं, घाबरून विळीच उचलून नेली. “नको भावजी, आई ओरडतील.” दुसऱ्या दिवशी स्मिता स्वतःचं ताट घेऊन मोरीपर्यंत गेली. काकीनं ते हळूच तिच्या हातातून काढून घेतलं. “राहू द्या म्याडम. तुमी समुद्रावर जाऊन या. घोडागाडी सांगू काय?” स्मिता खोलीत आली, दार लावलं आणि चक्क रडायला लागली. “त्या मला भांडी घासायला का सांगत नाहीत?” असं म्हणून रडणारी जगातली ती पहिलीच बाई असावी.

मी माफी मागायला स्वयंपाकघरात गेलो. काकी चुलीपुढे बसून शेंगा निवडत होती.

“काकी, चूक झाली गो आमची.”

“चूक कसली? बुकिंग झालंय. दिनेशला कन्फर्म आलंय.”

“तसं नव्हे. तुला त्रास नको म्हणून केलं.”

तिनं हातातली शेंग मोडली. मग माझ्याकडे न बघता म्हणाली, “घर कोनाचं, ते मोबायलवर इचारायचं असतं काय?”

माझे वडील त्या घरात जन्मले, मी तिथं रांगलो, आणि माझं नाव आता दिनेशच्या मोबाइलमध्ये ‘दोन मोठे, एक मूल, समुद्राकडची खोली’ असं पडलं होतं. काकीनं आपल्याला असंच पाव्हणं करून ठेवलं तर पुढच्या वर्षी इथं कशाला यायचं, या विचारानं मला त्या रात्री त्या मऊ पलंगावर झोप लागली नाही.

तिसऱ्या संध्याकाळी अंगणात पोपटी होती. थंडीत आमच्याकडे वालाच्या कोवळ्या शेंगा मडक्यात भरून, मडकं पालथं घालून भोवती जाळ करतात. आत बटाटे, अंडी, कोंबडीही जाते. पण तिची सगळी मजा असते भांबुर्ड्याच्या पाल्यात. त्या रानटी पाल्याचा थर मडक्यात घट्ट बसला नाही तर ती पोपटी नव्हे. मडकं भरणं हे माझं लहानपणापासूनचं काम. त्या दिवशी मात्र मला प्लास्टिकच्या खुर्चीत बसवलं होतं. “धूर लागंल, साहेब. लांब बसा.” शेजारी ठाण्याचं एक कुटुंब होतं. त्यांनी मला विचारलं, “तुम्हीही पहिल्यांदाच?”

दिनेशनं मडकं भरलं, पालथं घातलं, पेंढा रचला. काकी कंबरेवर हात ठेवून जवळ आली आणि वास घेऊन थांबली.

“ह्यो कसला पाला?”

“केळीचा,” दिनेश म्हणाला. “भांबुर्डा आणायला कुणी नव्हतं. पाव्हण्यांना काय कळतंय, आई?”

काकीनं दिनेशकडे बघितलं, मडक्याकडे बघितलं, आणि मग तिचा तो जुना, सबंध वाडीत घुमणारा आवाज सुटला:

“पक्या! मेल्या, राजासारका बसलास काय खुर्चीत? भांबुर्डा आन जा! आनि तुझ्या बायकोला सांग, ह्या शेंगा परत निवड म्हनावं, निम्म्या किडक्या भरल्यान ह्यानं!”

मी असा धावलो की एक चप्पल अंगणातच राहिली. तळ्याच्या बांधावरून कवेत मावेल तेवढा पाला उपटून आणला. मी येईपर्यंत स्मिता चुडीदारासकट मातीत बसून शेंगा निवडत होती आणि काकीच्या शिव्या खात होती, आणि तिचा चेहरा लग्नातल्या फोटोत आहे त्याहून जास्त खुलला होता. मी मडकं पुन्हा भरलं. ठाण्याच्या गृहस्थांनी ते सगळं मोबाइलवर चित्रित केलं. त्यांना वाटलं, हा पॅकेजमधलाच कार्यक्रम आहे.

पोपटी भाजून झाली. पाव्हण्यांच्या ताटात कोंबडी, अंडी आणि टपोऱ्या शेंगा गेल्या. आम्ही आत चुलीपाशी बसलो. मडक्याला चिकटलेल्या करपक्या शेंगा काकीनं माझ्यापुढे ओतल्या. “खा. ह्या जलालेल्या कोन पाव्हना खानार?” मी खाल्ल्या. तोंड काळं झालं. एवढं बरं मला त्या सुट्टीत पहिल्यांदाच वाटलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दिनेशनं संकोचत बिल पुढे केलं. मला वाटलं, काकी आता म्हणेल, राहू दे. ती उभी राहून बघत होती, मी पूर्ण भरलं याची खात्री होईपर्यंत. मग आत गेली आणि पिशवी फरफटत घेऊन आली.

“काकी,” मी म्हटलं, “पिशवी द्यायची होती तर बिल कसलं घेतलंस?”

“बिल पाव्हन्याचं. पिशवी घरच्याची. तू दोन्ही होऊन आलास ना?”

मुंबईत पिशवी उघडली. नारळ, वाल, जवला, आणि सगळ्यात वर, कागदात परत नीट गुंडाळलेला, आमच्या खोलीतला अर्धा वापरलेला साबण. स्मितानं फोन करून विचारलं, तर उत्तर आलं, “तुमचा उष्टा साबन मी दुसऱ्याला कसा देऊ?”

गेल्या पावसाळ्यात हिराकाकी गेली. शेवटी आठवडाभर दवाखान्यात होती. मी भेटायला गेलो तेव्हा शेजारच्या खाटेवरच्या बाईंचे कुणी नातेवाईक उभे होते आणि खोलीत खुर्ची एकच होती. नर्सनं ती माझ्यापुढे सरकवली. काकीनं डोळे उघडले. बोलायला त्रास होत होता, पण एवढं स्पष्ट बोलली: “त्याला ऱ्हाऊ दे उभा. तो घरचा हाय. खुर्ची त्या पाव्हन्यांना दे.” मी उभा राहिलो. ती डोळे मिटेपर्यंत, आणि मिटल्यावरही.

या नाताळात आम्ही पुन्हा नागावला गेलो. दिनेशनं गाडीपाशी येऊन सामान उतरवून घेतलं. वैशालीनं कोकम सरबत आणलं. समुद्राकडची खोली, कढत पाणी, नवा साबण, गुरुवारीही सुरमई. कुणी एक गादी उचलायला सांगितलं नाही. निघताना मी पाकीट काढलं, तर दिनेशनं माझा हात धरला. “दादा, घरच्यांकडून घेतात का कुणी?” फार चांगला मुलगा आहे. सोय अगदी पाटीवर लिहिल्यासारखी करतो.

मी सामान ठेवलं आणि डिकी उघडी धरून तसाच उभा राहिलो. मोरीकडे भांड्यांचा आवाज येत होता. पिशवी फरफटल्याचा आवाज मात्र आला नाही.

“काय राहिलं का खोलीत, दादा?” दिनेशनं विचारलं.

“नाही,” मी म्हटलं आणि डिकी लावली.