मळमड्डीचे मीनअण्णा

मीनअण्णा कुठलंही पाणी दिसलं की त्यात बोट बुडवून जिभेला लावत. खिशात क्षार मोजायचं यंत्र असलं तरी आधी जीभच. मी हसले की म्हणत, "यंत्र बिघडलं तर कळायला नको?"

धारवाडच्या मळमड्डीतल्या या शाकाहारी घरातल्या माणसानं सगळी नोकरी समुद्रावरच्या संशोधन केंद्रात काढली. गल्लीनं त्यांना मीनअण्णा केलं ते त्यामुळेच. माशाच्या कानातला खडा भिंगाखाली धरून ते त्याचं वय सांगत, पण मासा कधी तोंडात घातला नाही. कोळणींना म्हणत, "चव तुम्ही सांगा, बाकीचं मी सांगतो." सुट्टीत धारवाडला आले की त्यांची थोरली बहीण, आमच्या सगळ्यांच्या अक्का, त्यांना अंघोळ केल्याशिवाय स्वयंपाकघरात येऊ देत नसत. तेही निमूटपणे न्हाणीघराकडे वळत.

मी त्यांच्या हाताखाली चार वर्षं काम केलं. अंकोल्याजवळच्या एका खाडीत ते बायकांना शिणाणे वाढवायला शिकवत. शिणाणे म्हणजे हिरवट काळे शिंपले. त्यांची पिल्लं दोरीला बांधायची, बांबूच्या मांडवाला त्या दोऱ्या पाण्यात सोडायच्या आणि पावसाळ्याआधी काढायच्या. पिल्लं खडकावरून आणायला लागत. तेव्हा अण्णा स्वतः खडकावर उभे राहत. "सगळं खरवडू नका. निम्मं समुद्राचं."

या बायकांची पुढारी नागवेणीअक्का. तिची मुलगी बारावी झाली होती, तिला नर्सिंगला घालायचं होतं. ती सगळी आशा त्या दोऱ्यांवर टांगलेली होती.

त्या वर्षी मे महिन्यात नागवेणीनं विचारलं, "सर, काढू काय?" अण्णांनी एक शिंपला उघडून पाहिला. "मांस अजून भरलं नाही. आठ दिवस थांबा." पाचव्या दिवशी घाटावर वळवाचा मोठा पाऊस झाला. नदीला लोंढा आला, खाडीचं पाणी गोडं झालं आणि दोन दिवसांत सगळे शिंपले तोंडं उघडून मेले. तो वास अजून माझ्या नाकात आहे.

मला वाटलं, अण्णा पावसाकडे बोट दाखवतील. केंद्रातल्या साहेबांनीही अहवालात 'नैसर्गिक आपत्ती' लिहायला सांगितलं होतं. अण्णा मात्र बायकांसमोर उभे राहिले आणि कन्नडमध्ये म्हणाले, "तप्पु नंदे, अक्का." चूक माझीच. अहवालातही त्यांनी तेच लिहिलं.

मुलीचं नर्सिंग राहिलं. पुढच्याच महिन्यात तिचं लग्न लावून दिलं. अण्णा लग्नाला गेले, शेवटच्या रांगेत बसले आणि न जेवता परतले. परतीच्या बसमध्ये ते माझ्याशी एकदाच बोलले. "नागवेणीनं मला विचारलं, म्हणून हे झालं. पाणी तिला स्वतःला बघता यायला पाहिजे होतं."

मग त्यांनी यंत्र नागवेणीच्या हातात दिलं. पाण्याचा थेंब काचेवर ठेवून उजेडाकडे कसं धरायचं, आकडा कसा वाचायचा, वहीत कसा लिहायचा, हे तिला महिनाभर शिकवलं. लिहिता न येणाऱ्या बायकांना आकड्याइतक्या रेघा मारायला शिकवलं. निवृत्त होऊन ते मळमड्डीत आले तरी आकडा सांगायचा नागवेणीचा सकाळचा फोन चुकला नाही. शाल्मला नदी इथं धारवाडात उगम पावते आणि बेडती नदीला मिळून त्याच खाडीला जाते. त्यामुळे इथं आभाळ भरलं की अण्णाच तिला फोन करत. "इकडं पाऊस येतोय. तुम्ही बघा." काढा किंवा थांबा, असं मात्र त्यांनी पुन्हा कधी सांगितलं नाही.

गेल्या हिवाळ्यात त्यांना अर्धांगवायूचा झटका आला आणि वाचा गेली. मी दोन गल्ल्या पलीकडेच राहते. कॉलेजात शिकवायला जाण्याआधी येऊन मी तो फोन घेऊ लागले.

मे महिन्यात एका सकाळी नागवेणी घाईघाईनं म्हणाली, "सरांना सांगा, पाणी कालपासून गोडं व्हायला लागलंय. शिणाणे लहान आहेत, पण आम्ही थांबलो नाही. सगळ्या दोऱ्या काढल्या. कुणाला विचारलं नाही."

मी अण्णांच्या कानाशी वाकून शब्दन्‌शब्द सांगितला. त्यांनी चांगल्या हातानं माझं मनगट धरलं. ओठ हलले. काहीतरी म्हणायचं होतं. मी खूप वेळ वाट पाहिली, अक्काही दारात येऊन उभ्या राहिल्या. शब्द आला नाही. डोळ्यांतून पाणी मात्र येत राहिलं. ते समाधानाचं होतं, की त्या मुलीच्या आठवणीचं, मला आजही सांगता येत नाही.

चार दिवसांनी अण्णा गेले. घाटात दरड कोसळून रस्ता बंद होता, बायकांना येता आलं नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी नेहमीच्या वेळी फोन वाजला.

"बाई," नागवेणी म्हणाली, "दोऱ्या नसल्या तरी आज पाणी मोजून ठेवलंय. आता कुणाला सांगू?"

"मला सांगा," मी म्हणाले.

तिनं आकडा सांगितला. मी तो लिहून घेतला.